प्रेम आणि पश्चात्तापाचे जपानी चित्रपट इतके जिव्हारी का लागतात?

प्रश्न
दिग्दर्शक मिकिओ नारुसे यांचा १९६४ सालचा ‘मिदारेरू’ हा चित्रपट पाहिल्यापासून मन अस्वस्थ आहे. युद्धात नवरा गमावलेली रेइको १८ वर्षे सासरचे दुकान सांभाळते. धाकटा दीर कोजी तिच्यावरचे प्रेम बोलून दाखवतो, तेव्हा ती घर सोडून माहेरची वाट धरते आणि तो तिच्यासोबत निघतो. कथा ऐकायला अगदी मेलोड्रामाची, तरी पाहताना रडू येत नाही, नुसता जीव कासावीस होतो. हे पात्रांच्या अबोलपणामुळे होते का?

प्रतिसाद १
अबोलपणाचे कारण मला पटत नाही, कारण कोजी मनातले सगळे स्पष्ट बोलून मोकळा होतो. परिणाम साधतो तो शेवटाने. (शेवट ठाऊक नसलेल्यांनी पुढे वाचू नये.) स्ट्रेचरवरून नेल्या जाणाऱ्या कोजीच्या प्रेताच्या बोटात आपणच बांधलेली कागदाच्या दोरीची अंगठी रेइकोला दिसते, ती धावत सुटते, धापा टाकत थांबते, पडद्यावर रेइको साकारणाऱ्या हिदेको ताकामिने यांचा चेहरा येतो आणि चित्रपट तिथेच संपतो. एरवी अशा कथेत निदान हंबरडा फोडण्याचा एक प्रसंग असतो, ज्यात नायिकेबरोबर प्रेक्षकालाही मोकळे होता येते. नारुसे तो देतच नाहीत.

प्रतिसाद २
सहमत. याच संदर्भात केंजी मिझोगुची यांचा ‘उगेत्सु’ (१९५३) अवश्य पाहावा. पैशाच्या आणि परस्त्रीच्या मोहात घर विसरलेला कुंभार गेंजुरो परततो, तेव्हा घर रिकामे आणि चूल विझलेली असते. तो हाका मारत मागच्या दाराने बाहेर पडून पुन्हा पुढे येतो आणि मधे एकही कट न घेता कॅमेरा वळतो, तर चूल पेटलेली आणि बायको मियागी तिच्यापाशी बसलेली. ती त्याला एका शब्दाने दोष देत नाही. ती केव्हाच मारली गेली आहे हे त्याला सकाळी शेजाऱ्याकडून कळते. क्षमा मिळाली खरी, पण ती देणारे माणूसच उरलेले नाही, ही कल्पना मला कोणत्याही शिक्षेपेक्षा क्रूर वाटते.

प्रतिसाद ३
मोकळे होऊ न देणे हेच या चित्रपटांचे बळ, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. र्‍युसुके हामागुची यांच्या ‘ड्राइव्ह माय कार’ (२०२१) मधील काफुकु, बायकोला काहीतरी बोलायचे आहे हे ठाऊक असल्यामुळेच त्या दिवशी मुद्दाम उशिरा घरी येतो आणि ती मरून पडलेली आढळते. पुढे होक्काइदोच्या बर्फात, ड्रायव्हर मिसाकीच्या उद्ध्वस्त घरासमोर, बायको जिवंत असतानाच स्वतःला नीट दुखावू द्यायला हवे होते असे तो उघडपणे म्हणतो आणि ती त्याला मिठी मारते. प्रेक्षकालाही इथे पुरेपूर रडू दिले आहे, तरी सल तसूभरही कमी होत नाही. त्यामुळे माझ्या मते हुंदका दाबला की फोडला हा प्रश्न दुय्यम आहे. ज्याला सांगायचे तो ऐकायला उरलेला नाही, ही गोष्ट तिन्ही चित्रपटांत समान आहे.