इतिहासाची आवड आहे, म्हणून पदवीही इतिहासाचीच?

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)

भाचा यंदा बारावी कॉमर्स झाला. मार्क चांगले आहेत आणि आता त्याला इतिहासात बी.ए. करायचंय. घरात दोन तट पडलेत. मी विरोधी तटात आहे, पण 'पोटापाण्याचं काय' एवढंच माझं कारण नाही, म्हणून इथे मांडतोय.

मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा केली कोणी? इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, पुढे एकूण २२ झाले. विद्यापीठातली खुर्ची त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. रियासतकार सरदेसाई बडोद्याला सयाजीरावांच्या पदरी नोकरीला. पेशवे दफ्तरातले निवडक कागद त्यांनी ४५ खंडांत संपादित केले तेही निवृत्तीनंतर, १९३० च्या पुढे. ग. ह. खरे फारसी शिकले ते स्वतःच्या हिमतीवर. सेतुमाधवराव पगडी सनदी अधिकारी होते. यांच्यापैकी कोणाचंही इतिहासाच्या प्राध्यापकीवाचून अडलं नाही.

भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यात उभं आहे. मोडी शिकायला वर्ग निघतात, छापील साधनं ग्रंथालयात मिळतात. मग पोराने बी.कॉम. करावं, नोकरी धरावी आणि शनिवार-रविवार दफ्तरात बसावं. अगदीच वाटलं तर एम.ए. इतिहास बऱ्याच विद्यापीठांत कुठल्याही पदवीधराला करता येतं. तीन वर्षं (आता ऑनर्स धरलं तर चार) नोटा उतरवण्यात घालवायची कशाला?

बोरूबहाद्दर

साफ असहमत. तुमची यादी घेऊनच सांगतो.

राजवाडे डेक्कन कॉलेजचे बी.ए. होते, हे तुम्ही सोयीने गाळलंत. सरदेसायांना राजाश्रय होता. तुमच्या भाच्याला कोणती बँक दुपारी बखरी वाचायला सुट्टी देणार आहे? आणि शेजवलकर कुठे गेले यादीतून? डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेत मराठ्यांचा इतिहास शिकवायची नोकरीच होती त्यांची.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. हौशी माणूस विषय निवडतो तो आवडीचा. आपला किल्ला, आपलं घराणं, आपली जात. त्यात वाईट काही नाही, पण उत्तर आधी ठरलेलं असतं आणि कागद मागून गोळा होतात. विद्यापीठ तुम्हाला नावडतं वाचायला लावतं. आर्थिक इतिहासाचा पेपर कोणी हौसेने वाचत नाही. पण अ. रा. कुलकर्ण्यांनी शिवकाळाकडे पाहिलं ते गाव, वतन, बलुतं, शेतसारा या बाजूने. लढायांच्या तारखांवर पिढ्यान्‌पिढ्या भांडणारे आपण, त्या लढायांचा खर्च कुणाच्या शेतातून निघाला हे विचारायला विद्यापीठातला माणूस लागला.

आता मोडीचं. मोडी वाचता येणं म्हणजे पत्र वाचता येणं नव्हे. उदाहरण देतो. पत्रावर साल असतं 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना. इसवी सन काढायला यात ५९९ मिळवायचे की ६००? ते महिन्यावर ठरतं, कारण हा सन मृग नक्षत्राला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदलतो. जानेवारीचं पत्र असेल तर ६०० मिळवून १७६१. पण भाद्रपदातलं असेल तर ५९९ मिळवून १७६०. महिना न बघता सरसकट ६०० मिळवलेत तर पानिपताच्या (१४ जानेवारी १७६१) आधी सदाशिवराव भाऊसाहेबांनी लिहिलेलं पत्र पानिपतानंतरचं होऊन बसतं, आणि मग 'भाऊ जिवंत होते' म्हणायला सगळे मोकळे! असल्या चुका कुणीतरी लाल शाईने खुणावून दाखवाव्या लागतात. शनिवार-रविवारच्या दफ्तरात ते कोण करणार?

तासिकातत्त्व

दोघांचंही वाचलं. मी हाच विषय शिकवतो, कॉलेजचं नाव सांगत नाही. बोरूबहाद्दर, तुमची लाल शाई कुठल्या दुकानात मिळते तेवढं कळवा.

पटावर वर्ग भरलेला असतो आणि बाकांवर पुढच्या दोन रांगा. इतिहासलेखनशास्त्राचा पेपर आहे, पण तो शिकवला जातो कसा? 'प्राथमिक साधने म्हणजे काय ते सांगून त्यांचे महत्त्व स्पष्ट करा.' पाच मुद्दे, प्रत्येकी दोन ओळी, संपलं. एकही प्राथमिक साधन वर्गात येत नाही. मी एकदा जेधे शकावलीच्या, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींच्या, पानाची झेरॉक्स नेली. शिवजन्माची तारीख फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही यात आहे, शकावली छापली गेली १९१६ साली आणि तोवर वैशाखातली १६२७ ची तारीख चालत होती, हे सांगत होतो. मग एका नोंदीवर किती विसंबायचं, दुसरा पुरावा कोणता, असा प्रश्न टाकला. पोरं ऐकत होती, खरंच ऐकत होती. शेवटी एकाने विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" नव्हतं.

आणि मी स्वतः सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील याची हमी नाही. नेट झालंय, पीएच.डी. झालीय. कऱ्हाकाठ, भाच्याला इकडे पाठवू नका, असं मी म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. पण विषयाचा यात काही दोष नाही.

निंबोणी

हा सगळा वाद पुण्यातल्या माणसांचा वाटतोय. 'आवड म्हणून इतिहास घ्यावा का' हा प्रश्न पडायलाही नशीब लागतं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजला सायन्स नव्हतं आणि कॉमर्सचा वर्ग बंद पडायला आलेला. पोरींना एसटीच्या पासात जाऊन संध्याकाळच्या आत घरी परतता आलं पाहिजे. मी इतिहास घेतला तो असा.

पण आम्हाला एक मॅडम भेटल्या. तिसऱ्या वर्षाला त्यांनी प्रकल्प दिला, १९७२ चा दुष्काळ, आपापल्या गावातला. पुस्तकातून उतरवायचं नाही, गावातल्या बायकांना विचारायचं. मी आजीला विचारलं. ती खडी फोडायला जायची, धाकट्या काकाला झाडाखाली झोपवून. कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो ज्वारी. मिलोची भाकरी थापताना फुटायची, असं सांगताना तिने हाताने करून दाखवलं. मी सगळं लिहून नेलं, मला वाटलं झालं. मॅडम म्हणाल्या, "छान. आता हे खरं कशावरून?" मला रागच आला, आजी खोटं बोलेल का! त्या म्हणाल्या, खोटं नाही गं, पण इतक्या वर्षांत आठवणी एकमेकींत मिसळतात. कुठल्या कामावर होती? मजुरी किती? मुकादम कोण? मग आजीबरोबर खडी फोडलेल्या आणखी दोघींना गाठलं. तिघींच्या मजुरीचे आकडे जुळेनात. एकीने तर सांगितलं की हजेरीपटावर नाव तिच्या नवऱ्याचं होतं, काम तिचं. म्हणजे हजेरीपट सापडला असता तरी त्यात ती दिसलीच नसती. कागद पण गप्प बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी पुढे स्पर्धा परीक्षेतून महसूल खात्यात लागले. कोणी सातबारा पुढे केला की अजूनही आधी मनात येतं, यात कोणाचं नाव नाही? बी.कॉम. करून हे शिकले असते का, माहीत नाही बुवा.

पळसगड

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीय, वैकल्पिक विषयही आला. इतिहास घ्या, दोन्हीकडून फायदा. पूर्ण चर्चेत हे एकाच ओळीत आवरायला हवं होतं.

बोरूबहाद्दर

@पळसगड, त्यासाठी क्लासवाल्यांच्या नोटा पुरतात, पदवी कशाला?

@निंबोणी, दंडवत. मला तासभर लिहून जे जमलं नाही ते तुमच्या मॅडमनी एका प्रश्नात केलं.

कऱ्हाकाठ

निंबोणीताई, प्रतिसाद सुंदर, पण तो माझ्या बाजूचा आहे असं मला वाटतं. शिकवलं ते त्या मॅडमनी, पदवीने नव्हे. मॅडम बदलल्या असत्या तर तुम्हीही पाच मुद्दे, प्रत्येकी दोन ओळी लिहून आला असता. एका चांगल्या माणसाच्या भरवशावर पोराची तीन वर्षं लावायची?

निंबोणी

दादा, बी.कॉम.ला तरी चांगल्या माणसाशिवाय काय मिळतं? टॅली?

जुनंदफ्तर

थोडी वेगळी माहिती. २०२३ च्या शेवटी न्या. शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली. ज्यांना कालपर्यंत कोणी विचारत नव्हतं त्यांना फोनावर फोन. मीही महिनोन्‌महिने त्यातच होतो.

तिथे दोन्ही तऱ्हेची माणसं होती, हौशी आणि पदवीवाली. वाचायचा वेग हौशींचा जास्त, हे कबूल करतो. फरक पडायचा तो नोंद अडली की. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची नोंद. जातीच्या रकान्यात कधी पूर्ण शब्द, कधी नुसतं 'कु', कधी वरच्यासारखंच म्हणून खूण. आता ती खूण कुठल्या ओळीपर्यंत लागू? मधे हस्ताक्षर बदललं तर? अशा वेळी हे बुक कोण भरायचं, कशासाठी भरायचं, हे ज्याला ठाऊक तोच थांबून विचार करायचा. बाकीचे वाचून पुढे. आता अशा थांबणाऱ्यांत एक बी.एस्सी. झालेले निवृत्त गृहस्थही होते, आणि भराभर पुढे जाणाऱ्यांत एक इतिहासाचे एम.ए. त्यामुळे धाग्याचा निकाल माझ्याकडून लागत नाही.

काम मात्र तात्पुरतं. संपलं की सगळे आपापल्या घरी. पोटाच्या प्रश्नावर कऱ्हाकाठ यांच्याशी सहमत.

लीड्सकर

इकडे इंग्लंडात इतिहासात पदवी घेऊन पुढे एक रूपांतर अभ्यासक्रम करून वकिलीत जाणारे बरेच असतात. निबंध लिहायचा, पुरावा द्यायचा, शिक्षकाने तो फाडायचा, हे तीन वर्षं चालतं, आणि मालकांना तेवढं पुरतं. मात्र फी ऐकलीत तर कऱ्हाकाठ स्वतः भाच्याला एसटीचा पास काढून देतील.

कऱ्हाकाठ

माझं मत फारसं हललेलं नाही. पण रविवारी भाच्याला हा धागा वाचायला दिला आणि तो सगळं सोडून शुहूर सनाचाच हिशोब करत बसला. त्यामुळे दोन-तीन कॉलेजांच्या इतिहास विभागांत त्याला घेऊन जायचं ठरवलंय. तिथे काय विचारावं?

तासिकातत्त्व

निकाल विचारू नका, सगळेच चांगले सांगतात. मोडी कोण शिकवतं ते विचारा. मुलांना शेवटचं दफ्तरखान्यात कधी नेलं होतं ते विचारा. आणि तिसऱ्या वर्षाचे गेल्या सालचे प्रकल्प बघायला मागा. चार प्रकल्प एकाच सायबर कॅफेत टाइप झालेले आणि शब्दान्‌शब्द सारखे निघाले, किंवा कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर असला, तर तुमचं बी.कॉम. बरं.