मायक्रोफ्रॅक्चरनंतर सहा महिन्यांचा एमआरआय: नवी कूर्चा नीट भरते आहे हे कशावरून ओळखावे?

मृण्मयी, सांगली

नमस्कार. माझा धाकटा भाऊ 27 वर्षांचा असून जिल्हा पातळीवर व्हॉलीबॉल खेळतो. त्याच्या उजव्या गुडघ्यात, मांडीच्या हाडाच्या आतल्या कॉन्डाइलवर (गुडघ्याकडच्या गोलाकार टोकावर), सुमारे दोन चौरस सेंटीमीटर जागेतील कूर्चा थेट हाडापर्यंत निघून गेली होती, म्हणून दूरबिणीने मायक्रोफ्रॅक्चर करण्यात आले. सहा महिन्यांनी केलेल्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये म्हटले आहे की, खड्डा अर्ध्याहून थोडा अधिक भरला आहे, भरलेल्या ऊतीचा सिग्नल (चित्रातील उजळपणा) शेजारच्या कूर्चेपेक्षा जास्त आहे आणि खालच्या हाडात बोन मॅरो इडिमा (मज्जेत पाणी साचून आलेली सूज) आहे. चालताना किंवा जिना उतरताना त्याला आता दुखत नाही, तरीही रिपोर्ट वाचल्यापासून ऑपरेशन फसले असेच तो धरून बसला आहे. सर्जनची भेट पुढच्या आठवड्यात आहे. या तीन नोंदींचा अर्थ कसा लावावा? शिरेतून इंजेक्शन देऊन कूर्चेची प्रत तपासणारा वेगळा एमआरआय असतो असेही कळले. तो करून घ्यावा का?

अस्थिचित्र (रेडिओलॉजिस्ट)

मृण्मयीताई, रिपोर्ट वाचण्यापूर्वी कोणते ऑपरेशन झाले आणि त्याला किती काळ लोटला, या दोन गोष्टी समोर ठेवाव्या लागतात. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये उघड्या पडलेल्या हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रे पाडतात, त्यांतून मज्जेतील रक्त व पेशी वर येऊन खड्ड्यात गुठळी बसते, आणि त्या गुठळीपासून हळूहळू तंतुमय कूर्चा तयार होते. मूळ कूर्चेइतकी ती सुबक रचनेची नसते. पहिल्या काही महिन्यांत ती पातळ आणि पाणीदार असल्यामुळे चरबीचा सिग्नल दाबलेल्या प्रोटॉन डेन्सिटी चित्रांत (कूर्चा पाहण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एमआरआयच्या एका प्रकारात) शेजारच्या कूर्चेपेक्षा उजळ दिसते. भराव वाढण्याची आणि हा उजळपणा कमी होण्याची प्रक्रिया एक ते दोन वर्षे चालू राहते. ज्या हाडाला मुद्दाम छिद्रे पाडली, त्यात सहा महिन्यांनी इडिमा दिसणे हेही अपेक्षितच आहे. ओसरत आलेला इडिमा पुन्हा वाढू लागला, तर मात्र काळजीपूर्वक पाहावे लागते.

मी स्वतः अशा चित्रात सर्वांत जास्त वेळ कडांवर घालवतो. नवी ऊती आणि जुनी कूर्चा यांच्या सांध्यात द्रवासारखी पांढरीशुभ्र रेघ दिसली, तर तेथे फट राहिली आहे. तशीच रेघ नव्या ऊतीच्या आणि हाडाच्या मध्ये आडवी पसरलेली असेल, तर भराव हाडापासून सुटू लागल्याची शंका येते आणि ती अधिक गंभीर असते. त्यानंतर मी हाडाची वरची रेषा पाहतो, कारण मायक्रोफ्रॅक्चरनंतर काही रुग्णांत खालचे हाडच वर वाढून खड्ड्यात शिरते. अशा वेळी पृष्ठभाग समतल आणि खड्डा भरलेला दिसतो, पण प्रत्यक्षात हाडावर कूर्चेचा थर पातळ उरलेला असतो. दूरबिणीच्या ऑपरेशननंतर अवजारांचे सूक्ष्म धातुकण मागे राहिले असतील, तर ग्रेडियंट इको या प्रकारच्या, धातूला फार संवेदनशील असलेल्या एमआरआय चित्रांत त्यांच्या जागी मोठे काळे डाग उमटतात. त्यांना दोष समजू नये.

या सगळ्या निरीक्षणांना शिस्त लावण्यासाठी व्हिएन्नातील संशोधकांच्या गटाने मोकार्ट (MOCART) ही दुरुस्त कूर्चेच्या एमआरआयला 0 ते 100 गुण देण्याची पद्धत मांडली, आणि 2019 मध्ये तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. भराव किती, शेजारच्या कूर्चेशी जोड कशी, पृष्ठभाग, अंतर्रचना, सिग्नल, हाडातील खड्डा किंवा वाढ, आणि कूर्चेखालील हाडातील बदल असे सात घटक तीत स्वतंत्रपणे तपासले जातात. एकूण आकड्यापेक्षा गुण नेमके कोणत्या घटकात गेले हे विचारा. सिग्नलमुळे गेलेले गुण आणि जोड सुटल्यामुळे गेलेले गुण यांचे वजन सारखे नसते.

गुडघा_आणि_मैदान (अस्थिशल्यचिकित्सक)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. सर्जनच्या बाजूने थोडी भर घालतो. एमआरआयवरील चित्र आणि रुग्णाची वेदना यांचे नाते आपल्याला वाटते तितके घट्ट नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात, चित्र आणि रुग्णाची प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ थोड्याच अभ्यासांत आढळला होता. म्हणून तुमच्या भावाला दुखत नाही ही नोंद रिपोर्टइतकीच महत्त्वाची आहे. मात्र तिचा अर्थ मैदानावर उतरण्याची परवानगी असा त्याने अजिबात घेऊ नये, कारण व्हॉलीबॉलमध्ये उडी मारून खाली येताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि भराव अजून कोवळा आहे. मांडीच्या स्नायूंची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आली आहे का, व्यायामानंतर गुडघ्याला सूज येते का, हे तपासूनच उड्यांचा सराव टप्प्याटप्प्याने सुरू करतात.

मृण्मयी, सांगली

दोघांचेही मनापासून आभार. रिपोर्टमध्ये जोड किंवा फट याबद्दल एक शब्दही नाही. शिवाय ऑपरेशनपूर्वीचा एमआरआय 1.5 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे एकक) मशीनवर झाला होता आणि हा 3 टेस्लावर झाला आहे. मग तुलना करता येते का? आणि इंजेक्शनच्या तपासणीचे काय?

अस्थिचित्र (रेडिओलॉजिस्ट)

खड्ड्याचा आकार आणि भरावाची जाडी यांची तुलना ढोबळपणे करता येते. सिग्नलची तुलना करू नये, कारण मशीन आणि सिक्वेन्स (चित्र घेण्याची पद्धत) बदलले की उजळपणाही बदलतो. पुढचा एमआरआय याच मशीनवर, याच प्रोटोकॉलने आणि शक्यतो तीन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप घेऊन करावा. तपासणीच्या विनंतीपत्रावर ऑपरेशनचे नाव, तारीख आणि जागा लिहायला सर्जनना सांगा; ही माहिती हाती नसली, की रिपोर्टमध्ये कडांचा उल्लेख बहुधा राहून जातो. सध्याच्या चित्रांची सीडी त्याच केंद्रात नेऊन जोड आणि हाडाची रेषा याबद्दल पुरवणी रिपोर्ट मागता येतो.

तुम्ही ऐकलेली इंजेक्शनची तपासणी बहुधा डीजेमरिक (dGEMRIC) असावी. तीत शिरेतून गॅडोलिनियम हे एमआरआयचे कॉन्ट्रास्ट औषध देऊन काही वेळ व्यायाम करवतात, मग सुमारे दीड तास थांबून कूर्चेतील ग्लायकोसअमिनोग्लायकॅनचा (कूर्चेत पाणी धरून ठेवणाऱ्या घटकाचा) अंदाज घेतात. कूर्चेची प्रत तपासणाऱ्या टी2 मॅपिंग या दुसऱ्या एमआरआय तंत्राला इंजेक्शन लागत नाही. ते कोलॅजनची (कूर्चेतील प्रथिन तंतूंची) मांडणी आणि पाण्याचे प्रमाण रंगीत नकाशात दाखवते. निरोगी कूर्चेत हाडाजवळून पृष्ठभागाकडे टी2 मूल्य वाढत जाते, तर मायक्रोफ्रॅक्चरनंतरच्या ऊतीत हा चढ बहुधा दिसत नाही, म्हणजे तुमच्या भावाच्या नकाशात तो नसला तरी उपचारांत काही बदल होणार नाही. दोन्ही तंत्रे संशोधनात मोलाची आहेत; आज त्यांवर पैसे खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. पुढचे चित्र ऑपरेशनला एक वर्ष झाल्यावर घ्या. मधल्या काळात गुडघा अडकू लागला, नव्याने दुखू लागला किंवा वारंवार सुजू लागला, तर मात्र थांबू नका.