स्लॅबच्या आधी काय टाकून ठेवावं? (स्मार्ट घराची वायरिंग)

पायरीदगड :
नाशिकजवळ तळमजला आणि वर एक मजला असं बांधकाम चालू आहे. पहिल्या स्लॅबचं सेंटरिंग झालंय, सळई बांधणं सुरू आहे, आठवड्याभरात स्लॅब भरायचाय. दिवे, पंखे, गीझर, पडदे आणि टाकीची मोटर पुढेमागे फोनवरून, जमल्यास आवाजावरही चालावी असा विचार आहे. उपकरणं आत्ता घ्यायची नाहीत. वायरमनचं म्हणणं, "हल्ली सगळं वायफायवर होतं, वेगळं काही टाकायला नको." घरात वयस्कर आईवडील आहेत, म्हणून भिंतीवरचे खटके राहायलाच हवेत. लाईट वरचेवर जाते, इन्व्हर्टर बसणार आहे. स्लॅबमध्ये आणि भिंतीत आत्ताच काय टाकून ठेवू?

उलटा_फेज :
वायरमनचं म्हणणं अर्धं खरं आहे. उपकरणं (म्हणजे खटक्यामागे बसणारी छोटी स्मार्ट रिले, फोनवरून चालणारा खटका) बोलतात वायफायवर, पण जागी राहायला त्यांना चोवीस तास वीज लागते. म्हणून खटक्याच्या प्रत्येक बोर्डात फेजबरोबर न्यूट्रल (विजेची परतीची तार) हवा. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे तो येतोच. राहून जातो तो जिन्याच्या टू-वे खटक्यांत, पलंगाशेजारच्या छोट्या बोर्डात आणि बाथरूमबाहेर. न्यूट्रलशिवाय चालणाऱ्या रिले मिळतात, पण त्या दिव्यातूनच थोडा करंट ओढतात. मग ५ वॅटचा एलईडी बंद करूनही मिणमिणत राहतो. दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावून ते थांबतं, पण नव्या घरात हे लचांड कशाला?

न्यूट्रल टाकताना एक सांभाळा. ज्या सर्किटचा फेज, त्याच सर्किटचा न्यूट्रल. वायरमन सोयीसाठी शेजारच्या बोर्डातला उचलतात, आणि मग ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा खटका) विनाकारण पडत राहते. इन्व्हर्टरचा फेज ज्या बोर्डात येतो तिथे हा घोटाळा हमखास होतो. इन्व्हर्टरच्या सर्किटांचा न्यूट्रल डीबीपासूनच (घराच्या वितरण-पेटीपासून) वेगळा ओढा आणि दोन्ही टोकांना खूण करा.

बोर्डाचे बॉक्स बाजारात मिळतील तेवढे खोल घ्या, आणि ६ मॉड्यूलचं (एका खटक्याची जागा म्हणजे एक मॉड्यूल) काम असेल तिथे ८ चा बसवा. खटक्यामागे बसणारी रिले काडेपेटीएवढी असली तरी वायरींच्या गुंत्यात तिला जागा उरत नाही; दाबून बसवली की तापते. पत्र्याच्या बॉक्समध्ये सिग्नलही थोडा मरतो, म्हणून रिले तळाशी न ढकलता पुढच्या प्लेटजवळ ठेवा.

स्लॅबमध्ये २५ मिमीचे आयएसआय पाईप, खालच्या आणि वरच्या जाळीच्या मध्ये, तारेने बांधलेले. एल्बो नको, लांब बेंड घ्या. चार-पाच पाईप एकमेकांना चिकटवून नेऊ नका, मधे काँक्रीट शिरलं पाहिजे. फॅनबॉक्सची तोंडं बंद करा, नाहीतर सिमेंटचं पाणी आत उतरतं आणि पाईप कायमचा गेला. ओढायला आत नायलॉनची दोरी सोडा. लोखंडी तार गंजते. भरण्याआधी मोजपट्टी धरून प्रत्येक खोलीचे फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना तेच कामी येतात.

तांबं_शंभर_टक्के :
वरचं सगळं मान्य. नेटवर्कचं राहिलं.

आरसीसी स्लॅबमधून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ जात नाही. खालच्या हॉलमधला राउटर वरच्या मजल्यावर रडणार. प्रत्येक मजल्याच्या छताला मध्यावर एक कॅट-६ (नेटवर्कची केबल) न्या, तिथे पुढे ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) लागेल. वीज त्याच केबलमधून जाते, वेगळा पॉइंट नको. टीव्हीमागे दोन, फाटकावरच्या कॅमेरा-बेलसाठी एक. फाटकाची केबल जमिनीतून जाणार असेल तर बाहेर वापरायची जेलवाली घ्या आणि एचडीपीई पाईपमधून न्या. सगळ्या केबल जिन्याखाली एका हवेशीर कोनाड्यात आणा आणि तिथला सॉकेट इन्व्हर्टरवर ठेवा.

केबल शुद्ध तांब्याचीच. स्वस्तातल्या बऱ्याच केबलींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरं दिसलं की परत करा. २५ मिमीच्या पाईपमध्ये चारपेक्षा जास्त कॅट-६ कोंबू नका. विजेच्या पाईपला समांतर असेल तर फूटभर अंतर, ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

स्मार्ट बल्ब टाळा. खटका बंद केला की बल्ब मेला. झिगबीचे (वायफायसारखाच एक बिनतारी प्रकार) बल्ब असतील तर त्यांच्यावरून पुढे जाणारं जाळंही तुटतं. शहाणपण खटक्यामागे हवं, बल्बात नको. वडीलधाऱ्यांच्या घरात तर नक्कीच.

खटकामास्तर :
रिले नेहमीच्या खटक्यामागे बसवली की खटक्याची 'चालू' बाजू आणि दिव्याची स्थिती जुळत नाही. फोनवरून दिवा लावला तर तो बंद करायला खटका 'चालू'कडे दाबावा लागतो. वयस्करांना हे खटकतं. बेलसारखे दाबून सोडायचे खटके घेतलेत की प्रश्न मिटतो. रिलेची सेटिंग तशी बदलावी लागते. लाईट आल्यावर रिलेने काय करायचं हेही तिथेच ठरतं. 'बंद' ठेवा. काही रिले कारखान्यातून 'चालू'वर येतात, आणि रात्री तीनला लाईट आली की घरभर उजेड.

गीझर या रिलेवर नको. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. रिलेवर १६ लिहिलेलं असलं तरी बंद बॉक्समध्ये तासभर तो भार सोसत नाही. डीबीत २५ अँपिअरचा काँटॅक्टर (मोठा भार जोडणारा-तोडणारा खटका) लावा, रिलेने फक्त त्याची कॉइल (तो ओढणारं चुंबक) चालवा. डीबी त्या हिशोबाने मोठी घ्या, आणि टाइप-२ सर्ज प्रोटेक्टरला (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) जागा ठेवा. वळवाच्या विजांत आधी ही इलेक्ट्रॉनिक्सच जातात. अर्थिंग धड नसेल तर मात्र त्याचा उपयोग नाही.

पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणारे, आत इलेक्ट्रॉनिक्स असलेले) घेणार असाल तर रेग्युलेटर लावूच नका, थेट वीज द्या, वेग रिमोटने. पडद्यांसाठी खिडकीच्या वर, ज्या बाजूला मोटर येईल तिथे ६ अँपिअरचा सॉकेट.

केएनएक्सचं (स्मार्ट घराची तारांवर चालणारी पद्धत) कुणी सुचवेल. उत्तम आहे, पण तिथे दिव्यांच्या सगळ्या वायरी डीबीत आणाव्या लागतात आणि खटक्यांना फक्त बस केबल (संदेशांची तार) जाते. पुढे मन बदललं तर माघार अवघड. दोन मजली घराला मी तरी सुचवणार नाही.

पायरीदगड :
टाकीच्या मोटरचं? बोअरची सिंगल फेज सबमर्सिबल आहे, हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर.

उलटा_फेज :
तिला स्मार्ट प्लग चालत नाही. हिरवं बटण दाबून धरलंय तोवर स्टार्ट कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा) मध्ये येतो आणि सोडलं की बाहेर जातो. कोरड्या संपर्काच्या (स्वतः वीज न देता नुसत्या दोन तारा जोडणाऱ्या) दोन रिले लागतील. एक हिरव्या बटणाला समांतर, दीड-दोन सेकंदांची. दुसरी लाल बटणाच्या मालिकेत (त्याच तारेवर, एकापुढे एक), एरवी जोडलेली राहणारी. पहिली चिकटून राहिली तर कपॅसिटर फुटतो, म्हणून सेकंदांची मर्यादा रिलेतच घाला, फोनच्या ॲपवर सोडू नका.

टाकी भरल्यावर मोटर थांबवायचं काम फ्लोट स्विचने (पाण्यावर तरंगणारा खटका) थेट करावं, त्याच लाल बटणाच्या मालिकेत. इंटरनेट बंद असलं तरी टाकी वाहायला नको. पातळी फोनवर बघायला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावता येतो, पण त्याला वरचे २०–२५ सेंटिमीटर दिसत नाहीत आणि झाकणाखाली वाफ धरली की आकडे भरकटतात. बोअर आटलं तर मोटर जळू नये म्हणून स्टार्टर ड्राय-रनवाला बघा.

आत्ता करायचं ते एवढंच : स्टार्टरपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत २५ मिमीचा स्वतंत्र पाईप, त्यात १ चौ. मिमीची चार कोअरची केबल. दोन कोअर फ्लोटला, दोन पुढच्या सेन्सरला.