माणूस कशाला न्यायचा? यंत्रच पाठवा!

टाऊसेटी_१२
दुसऱ्या ताऱ्यावर वसाहत करण्याच्या कादंबऱ्या आता बास झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या चालणारं जहाज, आत शेती, शाळा, चौथ्या पिढीत बंड. यंत्रबुद्धी (एआय) आली की हे सगळं मोडीत. यंत्राला भात लागत नाही, हवा लागत नाही. माणूस म्हणजे नुसतं वजन. ज्याला पटत नाही त्याला गणित येत नाही.

खोडवा
गणित काढलंच आहेस तर पुरतं मांड की भावा.

प्रकाशाच्या एक दशांश वेगाने जाणाऱ्या एका किलोत साडेबारा कोटी युनिट विजेइतकी ऊर्जा असते. तो किलो हाडामासाचा की सिलिकॉनचा, इंजिनाला काय त्याचं? बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचा वेग प्रकाशाच्या ३ टक्के धरला तरी निघताना जहाजाचं वजन रिकाम्या जहाजाच्या २८ पट लागतं. ते नुसतं तिथवर पोचायला. थांबायचं असेल तर २८ चा वर्ग, म्हणजे पावणेआठशे पटीच्या आसपास. निम्म्या कादंबरीकारांना ब्रेक लावायचा असतो हेच आठवत नाही. वाटेत एक मिलिग्रॅमचा धुळीचा कण आदळला तर शंभर किलो टीएनटीचा दणका. तो यंत्र बघून चुकवून जाणार आहे का?

आता तुझं यंत्र. नोव्हेंबर २०२३ मध्ये नासाचं व्हॉयेजर-१ यान निरर्थक आकडे पाठवायला लागलं. एका संगणकाच्या मेमरीतला सुमारे ३ टक्के भाग निकामी झाला होता. तिथला प्रोग्रॅम सलग बसेल एवढी मोकळी जागा दुसरीकडे नव्हती, म्हणून त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आणि जिथे जिथे जुना पत्ता होता तिथे नवा लिहिला. आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. एप्रिल २०२४ मध्ये काम झालं. दुरुस्ती पृथ्वीवरच्या माणसांनी केली, ती पण १९७७ साली सोडलेल्या यंत्राची. १२ प्रकाशवर्षांवरच्या टाऊ सेटी ताऱ्यापाशी हेच झालं तर प्रश्न इकडे यायला १२ वर्षं आणि उत्तर तिकडे जायला १२. तोवर यंत्राने चिप स्वतःच करायची. चिप करायची म्हणजे अतिशुद्ध पाणी, आम्लं, निर्वात पंप, धूळमुक्त खोली. कारखानाच न्यावा लागतो. वजन कमी झालं म्हणतोस ते कुठलं?

शुक्रवारपेठी
खोडवा, लिहिलंय भारी, पण खरी मेख इंजिनात नाही, जहाजातल्या अन्नद्रव्यांच्या चक्रात आहे. किम स्टॅन्ली रॉबिन्सनच्या 'ऑरोरा' कादंबरीत (२०१५) कथा जहाजाची यंत्रबुद्धीच सांगते, आणि जहाजाला नडतं काय तर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस! हिशेब करा: दर हंगामी चक्रात १ टक्का स्फुरद कुठेतरी अडकून बसलं, वर्षाला एक चक्र धरलं, तर टाऊ सेटीला पोचेपर्यंत, १२० वर्षांनी, हाताशी उरतं ३० टक्के. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात सुपर फॉस्फेट टाकलं की कॅल्शियमशी गट्टी करून बसतंच की. म्हणून तर स्फुरद विरघळवणारे जिवाणू विकत आणतात लोक.

टाऊसेटी_१२
माती नेतंय कोण? ॲरिझोनात १९९१ साली ८ माणसं बंद काचघरात राहिली. सेंद्रिय खताने भरलेल्या मातीतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला, १६ महिन्यांत २०.९ वरून साडेचौदा टक्क्यांवर. शेवटी बाहेरून सोडावा लागला. मातीविना शेती करा. लघवीत मॅग्नेशियम घालून सामू (पीएच) ९ च्या आसपास नेला की स्ट्रुव्हाइट या स्फुरदाच्या क्षाराचे खडे पडतात, ९० टक्क्यांच्या आसपास स्फुरद परत मिळतं. विषय संपला.

खोडवा
अर्धंच सांगतोस. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बांधकामातल्या काँक्रीटने शोषला, म्हणून झाडांना तो मिळेना आणि ऑक्सिजन परत होईना. दोष मातीचा एकटीचा नाही, भिंतीचापण आहे. आणि मुळं हवेत लोंबकळत ठेवलीस तर पंप काही तास बंद पडला की पीक गेलं. माती निदान ओल धरून ठेवते.

मधल्याओळीतला
वीस वर्षं हेच! मराठीत यंत्रबुद्धी म्हणजे अजून दिवाळी अंकातला यंत्रमानव, शेवटच्या परिच्छेदात त्याच्या डोळ्यात पाणी. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मले, यंत्रमानवावर 'वामन परत न आला' ही कादंबरी लिहून गेले, आणि आपण अजून...

वारणाकाठ
दिवाळी अंकाचं तुणतुणं नंतर वाजवा ओ. मिठाचं कोण बोलणार? माणूस दिवसाला साधारण १० ग्रॅम मीठ खातो आणि जवळजवळ तेवढंच बाहेर टाकतो. हजार माणसांचं वर्षाला साडेतीन टनांच्या वर. पीक ते उचलत नाही. लघवीचं पाणी वाफ्यात सोडलंत की आपला कोल्हापूरचा शिरोळ तालुका! तिथे भारी जमीन, पाटाचं मोकाट पाणी, निचरा नाही, आणि रान पांढरं.

टाऊसेटी_१२
जिप्सम टाका. सोपं आहे.

वारणाकाठ
जिप्सम म्हणे! ते चोपण जमिनीला, जिथे सोडियम मातीच्या कणाला चिकटलेला असतो आणि सामू साडेआठच्या वर. नुसत्या खारवट रानात जिप्सम टाकणं म्हणजे क्षारात क्षार. तिथे मीटर-सव्वा मीटर खोल सच्छिद्र पाईप, भोवती गाळणी, पाईपला उतार, आणि वरून पाणी देऊन क्षार धुवायचे. पाईपचं तोंड ओढ्याला. चोपण सुधारतानाही सुटलेला सोडियम निचऱ्यानेच बाहेर काढावा लागतो. तुमच्या जहाजात ओढा कुठला?

शुक्रवारपेठी
हा प्रश्न मी एकाही कादंबरीत वाचलेला नाही. ओढा!

टाऊसेटी_१२
लघवी आधी उकळा, पाणी वेगळं, मीठ वेगळं, शुद्ध करून परत ताटात. शाळकरी पोरगं सांगेल.

खोडवा
शाळकरी पोरगं सांगेल, पण अंतराळ स्थानकातलं यंत्र २००९ साली त्यातच तुंबलं. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, लघवीत कॅल्शियम वाढतं, आणि आधी मिसळलेल्या गंधकाम्लामुळे कॅल्शियम सल्फेटचा साका बसला. उपाय काय केला? गंधकाम्लाच्या जागी फॉस्फोरिक आम्ल. म्हणजे परत स्फुरदच! स्थानकाला ते खालून पाठवता येतं.

टाऊसेटी_१२
बरं, मीठ आणि साका मान्य, तुम्ही सगळे थोर. पण हाडं झिजतात ती वजन नसल्यामुळे. जहाज मिनिटाला २ फेरे फिरवा, त्रिज्या २२४ मीटर ठेवा, पृथ्वीइतकंच वजन मिळतं आणि कॅल्शियमचा प्रश्नच मिटतो. आता १२० वर्षं ते फिरवताना बेअरिंगला वंगण कोण घालणार यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

वारणाकाठ
अख्खं जहाजच फिरवलं तर बेअरिंग लागतच नाही, गणितवाले.