शीड, इंजिन आणि नदीतले चार-पाच दिवस: तुमचे अनुभव लिहा

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघं इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोकच्या ब्रॉड्समध्ये दोन शिडाच्या होड्या भाड्याने घेऊन पाच दिवस फिरलो. होड्या जेमतेम बावीस फुटी. आत दोन बाकं, एक शेगडी, मागे टांगलेलं लहानसं आउटबोर्ड इंजिन. ब्रॉड्स म्हणजे ब्युअर, अँट, थर्न, येअर, वेव्हनी या नद्या आणि त्यांच्या काठची उथळ तळी. ही तळी निसर्गानेच केलीत असं पूर्वी मानत. १९५० च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी सिद्ध केलं की मध्ययुगात लोकांनी जळणासाठी इथलं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती, खणून नेलं आणि ते खड्डे पुढे पाण्याने भरले. म्हणजे आम्ही पाच दिवस कुणाच्या तरी चुलीच्या सरपणात फिरत होतो!

पॉटर हायमला थर्न नदीवर जुना दगडी पूल आहे, कमान इतकी बुटकी की बघूनच मान आत जाते. शीडवाल्यांनी आधी काठाला लागायचं, डोलकाठी आडवी करायची आणि इंजिनावर पलीकडे जायचं. आम्ही सगळं नीट केलं. कमानीपासून वीस हातांवर इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद. दोऱ्या ओढून माझ्या खांद्याचा पार भुगा झाला. शेवटी कमानीच्या दगडांना हात देत देत पलीकडे निघालो. काठावरच्या एका आजोबांनी वाकून टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू फिरवला. हवा आत जायला तो उघडा ठेवायचा असतो. आम्ही पेट्रोल भरून घट्ट आवळला होता, सांडू नये म्हणून.

तुम्ही कुठे गेलात? इंजिन कधी लावलं, कधी नाही? सविस्तर लिहा.

*

फ्लोरिडातून लिहितोय. आमच्याकडची सेंट जॉन्स नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. लांबी ५०० किलोमीटरच्या आसपास आणि एवढ्या अंतरात उतार नऊ मीटरसुद्धा नाही. त्यामुळे ती वाहते म्हणण्यापेक्षा सरकते. पाणी कोऱ्या चहासारखं, बुडवलेला हात कोपरापर्यंत दिसेना.

डिसेंबरात सॅनफर्डहून पलाटकापर्यंत गेलो, तीन होड्या, पंधरा ते एकोणीस फुटी. पहिल्या दिवशी शीड उघडलंच नाही, कारण दोन्ही काठांना झाडी आणि वारा सगळा झाडांच्या शेंड्यावर. ब्लू स्प्रिंगच्या झऱ्याचं पाणी बारा महिने २२-२३ अंश असतं, म्हणून थंडीत मॅनाटी, म्हणजे पाण्यातले धिप्पाड सस्तन प्राणी, तिथे गोळा होतात. हिवाळ्यात झऱ्यात होडी नेता येत नाही, ते बरंच आहे. आम्ही काठावरच्या लाकडी वाटेवरून बघितले. धुतलेल्या म्हशींसारखे पडून होते.

अ‍ॅस्टरला उघडणारा पूल आहे. रेडिओच्या नऊ नंबर चॅनलवर पूलवाल्याला विनंती करायची. आमच्या खेळण्यातल्या होडीसाठी दोन्हीकडची वाहनं थांबली. मी टोपी तोंडावर ओढून बसलो.

जॉर्ज लेकवर मात्र मस्ती उतरली. तळं प्रचंड आणि उथळ, समोरून उत्तरेचा वारा, लाटा आखूड आणि उभ्या. मित्र दोरी सोडवायला पुढच्या टोकाला गेला की मागचं टोक वर यायचं, पंखा हवेत फिरायचा आणि इंजिन किंचाळायचं. शेवटी ते बंद केलं, शीड निम्मं आवळलं आणि वाकडंतिकडं जात पार झालो. वेळ दुप्पट लागला, पण होडी शहाण्यासारखी चालली. मग शेवटच्या दिवशी जलपर्णी पंख्याला गुंडाळली. कात्री सोबत ठेवा, चाकूने बोटं कापतात.

*

आम्ही दाभोळकडचे. वाशिष्ठीतून दाभोळ ते गोवळकोट आणि परत, तीन दिवस. माझ्या होडीला मी शीड चढवून घेतलं होतं, दुसरी होडी तांडेलाची. तांडेल साठीचा, त्याला माझ्या मोबाइलमधल्या भरती-ओहोटीच्या तक्त्याचं फार हसू यायचं. "घड्याळ कशाला बघता भाऊ, आज तिथी काय ती सांगा." तिथीची पाऊणपट केली की खाडीच्या तोंडाशी भरतीची वेळ येते. षष्ठीला सहाची पाऊणपट, साडेचार. जसजसं आत जावं तशी भरती उशिरा पोचते, तेवढं धरायचं.

पौर्णिमेनंतरची सप्तमी होती. तो म्हणाला, काठ सोडू नका, पाणी भांगाचं आहे, म्हणजे भरती कमी चढणारी. मला घाई. इंजिन आहे ना, म्हणून मी वळण आडवं कापलं आणि भर भरतीत वाळूच्या पट्ट्यावर चढलो. इंजिन जितकं रेटलं तितकी होडी वर गेली. लोकांना वाटतं बारा-साडेबारा तासांनी पुढची भरती आली की होडी सुटेल. उधाणाकडे जाताना सुटते हो, भांगाकडे जाताना प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा कमी. पहाटेचं पाणी आलं ते वीतभर खालीच राहिलं.

उतरून ढकलायचं तर वाशिष्ठीत मगरी. मालदोलीकडे लोक त्या बघायला मुद्दाम जातात. आम्ही आळीपाळीने बॅटरी मारत रात्र काढली, झोप कसली! सकाळी तांडेलाने आमचं इंजिन, पेट्रोलचे डबे, तांदळाची पिशवी आणि मला अशा क्रमाने त्याच्या होडीत घेतलं. तेवढ्यात वरून कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, सुटलं असावं, असं तो म्हणाला. मला वाटतं, माझंच वजन उतरलं. काही असो, होडी हलली.

*

कुंभारजुव्याच्या कालव्यातून मांडवी ते झुआरी दोनदा गेलोय. तिथे भरती दोन्ही तोंडांनी शिरते, त्यामुळे वाटेत कुठेतरी साथ देणारं पाणी समोरून यायला लागतं. मगरी तिथेही. बाकी दाभोळच्या भाऊंनी लिहिलंयच.

*

पुलाखाली दगडांना हात देणारी मी. वहिनीने यार्मथचं लिहिलं नाही, कारण त्यात दादा आहे.

उत्तरेच्या नद्यांतून दक्षिणेच्या नद्यांत जायचं तर ग्रेट यार्मथला ब्युअरच्या तोंडातून बाहेर पडून ब्रेडन वॉटर ही रुंद खाडी ओलांडावी लागते. तिकडे जाताना ओहोटीबरोबर उतरायचं आणि पाणी थबकलं की पलीकडे वळायचं. जाताना झकास जमलं. परतताना होडीवाल्याने वेळ कागदावर लिहून दिली होती. दादाला वाटलं दोन तास आधी निघून मधे कुठेतरी जेवू. ब्युअरच्या तोंडात शिरलो तर ओहोटी जोरात समोरून. इंजिन पूर्ण उघडलं, मागे फेस, आवाज मोटारसायकलचा. काठाला एक बोट बांधलेली होती, तिच्या खिडकीत एक बाई स्वेटर विणत होत्या. दहा मिनिटांनी बघितलं तर त्याच बाई, तीच खिडकी. त्यांनी हात केला. आम्हीही केला. मग आम्ही थोडे मागे गेलो, त्या पुन्हा खिडकीत आल्या.

दादा शेवटपर्यंत म्हणत होता, पुढे जातोय, हळू जातोय एवढंच.

*

धागा काढणारी पुन्हा मीच. होय, ते खरं आहे. बाईंचा स्वेटर निळा होता. खिडकीसमोर होतो तेवढ्यात एक बाही झाली.