छळ, जाच की पाठलाग? प्रार्थनेतील एका शब्दाविषयी

आगाशीकर

आमच्या धर्मग्रामात नोव्हेंबरमध्ये श्रद्धेपायी त्रास सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी विशेष प्रार्थना होते, आणि यंदा ती पाकिस्तानातील बांधवांसाठी करावी असे ठरले आहे. इंग्रजी मसुद्याचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले आणि 'पर्सिक्युटेड मायनॉरिटी' या शब्दजोडीपाशी घोडे अडले. मी 'छळग्रस्त अल्पसंख्याक' असे लिहिले होते. एका ज्येष्ठ वाचकांनी 'छळ सासरी होतो' असा शेरा मारून 'छळग्रस्त' खोडले आणि 'पीडित' घातले. मला मात्र 'पीडित' वाचले की पंचनाम्याची आठवण होते. ही प्रार्थना मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेत, मोठ्याने वाचायची आहे, त्यामुळे शब्द अर्थाने नेमका हवाच, पण वाचणाऱ्याच्या जिभेलाही तो जड जाता कामा नये. जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त दुभाषी

तुमच्या ज्येष्ठांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. हुंड्यासाठी छळ, मानसिक छळ, सुनेचा छळ अशा मथळ्यांनी वृत्तपत्रांनी हा शब्द घराच्या चार भिंतींत कोंडला आहे. पण म्हणून तो टाकून द्यावा असे मला वाटत नाही. मराठी बायबलमध्ये डोंगरावरील प्रवचनात 'जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा' असेच वाक्य आहे आणि तुमच्या श्रोत्यांच्या कानांना त्याची सवय आहे.

माझा आक्षेप आहे तो 'ग्रस्त' या शेपटाला. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या मालिकेत 'छळग्रस्त' बसवला की छळ हीदेखील आभाळातून कोसळलेली आपत्ती वाटू लागते. 16 ऑगस्ट 2023 रोजी फैसलाबाद जिल्ह्यातील जडांवाला येथे वीसहून अधिक चर्च जाळली किंवा मोडली गेली, माणसे रातोरात शेतांत लपली. ते भूकंपाने झाले नव्हते. मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून लोकांना चिथावण्यात आले होते. कर्ता पुसून टाकणारे विशेषण अशा ठिकाणी वापरू नये. 'छळ सोसणारे' म्हणा, निदान छळणारा कोणीतरी आहे हे त्यात गृहीत तरी राहते.

शुद्धमती

मूळ संस्कृत 'छल' म्हणजे कपट हे या चर्चेत कोणीतरी सांगायला हवे. न्याय या तर्कप्रधान दर्शनाने मानलेल्या सोळा पदार्थांत छल आहे आणि त्याचा अर्थ समोरच्याच्या शब्दांना त्याने न योजलेला अर्थ चिकटवून त्याला खोडून काढणे असा आहे. त्रास देणे हा अर्थ मराठीने मागाहून लावलेला आहे. प्रार्थनेसारख्या गंभीर मजकुरात अर्थभ्रष्ट शब्द कशाला? 'उत्पीडन' हा निर्दोष तत्सम शब्द उपलब्ध आहे.

अक्षरवेडी

शुद्धमती, 'उत्पीडन' ही हिंदी वृत्तवाहिन्यांची देणगी आहे. आगाशीच्या चर्चमधील आजींना तो शब्द ऐकवून पाहा. शब्द आज कोणत्या अर्थाने जगतो ते पाहायचे की हजार वर्षांपूर्वी कोणत्या अर्थाने जगत होता ते?

तरीही तुम्ही दिलेला न्यायशास्त्रातील अर्थ इथे इतका चपखल बसतो की मी थक्क झाले. पाकिस्तानच्या दंडसंहितेतील कुराणाच्या विटंबनेविषयीचे 295-ब हे कलम 1982 साली आले, प्रेषितांच्या अवमानाविषयीचे 295-क 1986 साली आले, आणि तेव्हापासूनच्या अनेक प्रकरणांत आरोपाचा पाया हा कोणी उच्चारलेल्या, किंवा उच्चारल्याचे सांगितलेल्या शब्दांना चिकटवलेला अर्थ असतो. 2012 साली इस्लामाबादजवळ एका अल्पवयीन ख्रिस्ती मुलीवर पवित्र मजकूर जाळल्याचा आरोप झाला. पुढे तिथल्या मौलवीनेच राखेत पाने मिसळल्याचा आरोप पुढे आला आणि तिच्यावरील खटला उच्च न्यायालयाने रद्द केला. याला कपट म्हणायचे की छळ? मराठीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, तर त्याबद्दल भाषेचे आभार मानावेत. मी 'छळ'च्या बाजूने.

नगरकर

आमच्या जिल्ह्यात मिशनच्या काळापासूनच्या मंडळ्या आहेत आणि आमच्याकडे उपासनेत 'जाच' हा शब्द ऐकू येतो. छळ एखाद्या दिवशी होतो, जाच रोजचा असतो. पाकिस्तानातील ख्रिस्ती लोकांबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे स्फोट आणि जाळपोळच येते. 2013 साली पेशावरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये उपासना संपल्यावर दोन आत्मघाती स्फोट होऊन ऐंशीहून अधिक माणसे मेली, ते विसरता येणार नाहीच. पण तिथले पंजाबी ख्रिस्ती बहुसंख्येने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामूहिक धर्मांतराने आलेल्या, सफाईच्या कामाला जुंपलेल्या जातीचे वंशज आहेत, आणि सफाई कामगारांच्या सरकारी जाहिरातींत 'फक्त बिगरमुस्लिमांनी अर्ज करावा' अशी अट तिथे वर्षानुवर्षे छापली गेली आहे. प्रेषितांच्या अवमानाचा आरोप झालेल्या ख्रिस्ती शेतमजूर आसिया बीबीचे प्रकरण 2009 साली कशावरून सुरू झाले? शेतात फालसा नावाची फळे तोडताना तिने पाणी आणले आणि बरोबरच्या बायकांनी तिच्या हातचे पाणी प्यायला नकार दिला. इथे इंग्रजी मसुद्यातील शब्द अपुरा पडतो, कारण त्याला जे सांगता येत नाही त्यासाठी आपल्याकडे 'विटाळ' हा शब्द आहे. माझ्या आजोबांच्या पिढीने तो सोसला आहे, म्हणून हे प्रकरण वाचताना मला शब्दकोशाची गरज पडली नाही.

शुद्धमती

'विटाळ' प्रार्थनेत? मोठ्याने वाचायच्या मजकुरात?

नगरकर

का नाही? देवापुढे सभ्य शब्दच न्यावेत असा नियम स्तोत्रकर्त्यांनी तरी पाळलेला नाही.

पणजीकर

'अल्पसंख्याक' या दुसऱ्या पदाबद्दल कोणीच बोललेले नाही. पाकिस्तानच्या 2023 च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे 33 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 1.37 टक्के नोंदली गेली. पण 'अल्पसंख्याक' म्हटले की ती सगळी माणसे एका साच्यातली वाटू लागतात. कराचीत आमच्या गोव्यातून गेलेल्या कॅथलिक कुटुंबांची वस्ती इंग्रजांच्या काळापासून आहे, सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या परिसरात त्यांनी शाळा आणि संस्था उभारल्या. त्यांचे दुःख फैसलाबादच्या वीटभट्टीवरील मजुराच्या दुःखासारखे नाही. तिथले लोक स्वतःला 'मसीही' म्हणवतात आणि 'ईसाई' हा शब्द पुष्कळांना हिणवणारा वाटतो, हेही अनुवादकाने ध्यानात ठेवावे. मराठीत 'ख्रिस्ती' असल्याने आपली त्यातून सुटका होते. मी तर 'अल्पसंख्याक' पूर्ण गाळून 'पाकिस्तानातील ख्रिस्ती बंधुभगिनी' एवढेच लिहीन. प्रार्थना माणसांसाठी करायची असते, टक्केवारीसाठी नव्हे.

शुद्धमती

गाळा किंवा ठेवा, परंतु ठेवलात तर 'अल्पसंख्यांक' असे अनुस्वार देऊन लिहू नका, ही हात जोडून विनंती. त्यात अंक नाही. संख्या या शब्दाला बहुव्रीहीचा 'क' लागलेला आहे.

निवृत्त दुभाषी

आणखी एक पर्याय सुचवतो. नव्या करारातील मूळ ग्रीक क्रियापदाचा पहिला अर्थ पाठलाग करणे, पाठीस लागणे असा आहे, आणि इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळातही पाठलागच आहे. आसिया बीबीला 2010 साली फाशीची शिक्षा झाली आणि 31 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. पण सुटल्यावरही तिला लपूनच राहावे लागले आणि मे 2019 मध्ये ती कॅनडाला पोहोचल्याचे जाहीर झाले. न्यायालयाने सोडले तरी जमाव सोडत नाही, या अवस्थेला 'पाठलाग' जितका लागू पडतो तितका छळही पडत नाही. 'ज्यांची पाठ सोडली जात नाही त्यांच्यासाठी' अशी शब्दयोजना मला तरी प्रार्थनेत शोभेल असे वाटते.

अक्षरवेडी

सुंदर आहे, परंतु श्रोत्याला ते कर्जवसुलीवाल्यांविषयी वाटण्याचा धोका आहे.

आणि मूळ मसुद्यात 'मुस्लिमबहुल देश' अशी ओळ असेल, तर तिच्याकडेही लक्ष द्यावे. आसिया बीबीची बाजू घेतल्याबद्दल 4 जानेवारी 2011 रोजी मारले गेलेले पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर मुसलमान होते. तिचे वकील मुसलमान होते आणि तिला सोडणारे न्यायाधीशही. 2 मार्च 2011 रोजी मारले गेलेले मंत्री शाहबाज भट्टी ख्रिस्ती होते. या कलमांखाली ज्यांच्यावर आरोप होतात त्यांत मुसलमानांचीही संख्या मोठी आहे. वाक्याची रचना अशी नको की एका बाजूला सगळे छळणारे आणि दुसऱ्या बाजूला सगळे छळले जाणारे उभे राहतील.

आगाशीकर

सर्वांचे आभार. आतापर्यंतच्या चर्चेवरून मी असे लिहिले आहे: 'पाकिस्तानात श्रद्धेपायी छळ आणि रोजचा जाच सोसणाऱ्या आमच्या ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी, ईशनिंदेच्या आरोपाखाली तुरुंगात असलेल्यांसाठी, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या सर्व धर्मांच्या माणसांसाठी आपण प्रार्थना करू या.' कसे वाटते?

निवृत्त दुभाषी

'ईशनिंदा' चुकते. 295-क हे कलम प्रेषितांच्या अवमानाविषयी आहे, उर्दूत त्याला 'तौहीन-ए-रिसालत' म्हणतात, म्हणजे प्रेषितत्वाचा अवमान. त्यात ईश नाही. 295-ब कुराणाच्या विटंबनेविषयी आहे, तिथेही नाही. आपली वृत्तपत्रे दोन्हींना सरसकट ईशनिंदा म्हणतात आणि वाचकाचा समज चुकीचा होतो. 'धर्मनिंदा' अधिक जवळचा आहे.

नगरकर

बायबलमधला शब्द हाताशी असताना 'धर्मनिंदा' कशाला? 'दुर्भाषण' म्हणा. महायाजकाने येशूवर ठेवलेला आरोप दुर्भाषणाचाच होता आणि पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्याविरुद्ध फितवलेल्या साक्षीदारांनीही तोच केला. चर्चमध्ये बसलेल्या माणसाला तो शब्द ऐकताच सगळा संदर्भ लागेल.

पणजीकर

प्रोटेस्टंट माणसाला लागेल. कॅथलिक वसईत किती जणांना लागेल याची मला शंका आहे. तरुण मुलांना दुर्भाषण म्हणजे शिवीगाळ वाटेल.

नगरकर

मग त्यांना शास्त्रवाचन ऐकवा. शब्द सोपा करण्याऐवजी ऐकणाऱ्याची तयारी वाढवावी, असे माझे मत आहे.

अक्षरवेडी

हेच शुद्धमती 'उत्पीडना'बद्दल म्हणत होत्या, नगरकर.

शुद्धमती

माझे नाव निघालेच आहे म्हणून सांगते. 'आरोपाखाली तुरुंगात' ही इंग्रजी वाक्यरचना आहे. मराठीत आरोपावरून अटक होते, आरोपाखाली नव्हे.

निवृत्त दुभाषी

न्यायालयाच्या कागदपत्रांत मी जन्मभर 'कलमाखाली' लिहीत आलो आहे.

शुद्धमती

कलमाखाली चालेल, कारण ते कलम वर छापलेले असते. आरोपाखाली चालणार नाही.