मंगळावरचे खडे पाण्यानेच घासले, हे कशावरून?

निशाचर:
नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळावरच्या गाडीने सप्टेंबर 2012 मध्ये तिथल्या गेल विवरातून पाठवलेला एक फोटो पुन्हा पुन्हा बघतोय. उखडलेल्या फरशीसारखा खडकाचा थर आणि त्यात रुतलेले गोल, गुळगुळीत खडे. सगळे म्हणतात, ही जुनी नदी. पण तिथे वाराही अब्जावधी वर्षं वाहतोय. त्याने खडे गोल होणार नाहीत का?

गारगोटी:
रास्त प्रश्न. माझी वीस वर्षं गाळाच्या खडकांत गेलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या थराचं नाव होट्टाह. त्यातले खडे बारीक 2 मिमीपासून थेट 4 सेंमीपर्यंतचे आहेत. वारा वाळू उडवतो, एवढे खडे नाही. पूर्वी हवा दाट होती असं धरलं तरी नाही. पडल्या जागी दगड घासायचं काम वारा करतो, पण त्यातून सपाट पैलू आणि धारदार कडा तयार होतात. गोलाई हवी तर दगडाने दगडावर आपटत गडगडायला हवं. आधी टोकं झिजतात, मग कडा. आणि हे खडे एकमेकांना खेटून, मधे वाळू भरून बसलेत. असा पिंडाश्म (गोल खडे चिकटून बनलेला खडक) कुणी हातात दिला, तर मी डोळे मिटून सांगेन की हा ओढ्यातला. खड्यांच्या मापावरून प्रवाहाची खोलीही काढलीय: घोट्यापासून कमरेपर्यंत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

वाळूचा कण:
मग 2004 मध्ये ऑपॉर्च्युनिटी या मंगळावरच्या दुसऱ्या गाडीला सापडलेल्या 'ब्लूबेरी' नावाच्या गोळ्या? त्याही गोलच की.

गारगोटी:
तिथेच गल्लत होते. हेमटाइटच्या (लोहाच्या खनिजाच्या) त्या गोळ्या वाहून आलेल्या नाहीत. खडकात मुरलेल्या भूजलातून त्या जागच्या जागी वाढल्या. वाहून आल्या असत्या तर ठरावीक थरांत साचल्या असत्या. त्या खडकभर विखुरल्यात.

निशाचर:
पटलं. पण गेलमधलं पाणी टिकलं की एखादा पूर येऊन गेला?

गारगोटी:
खडे ते सांगत नाहीत, त्यासाठी चिखल बघायचा. फेब्रुवारी 2013 मध्ये गेलमधल्याच यलोनाइफ बे इथे क्युरिऑसिटीने पंकाश्मात (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात) 1.6 सेंमी रुंद, 6.4 सेंमी खोल भोक पाडलं. भुकटी लाल नव्हे, करडी निघाली. त्यात चिकणमातीची खनिजं भरपूर, आम्लतेची खूण नाही. इतका बारीक गाळ धावत्या पुरात बसत नाही, त्याला संथ तळं लागतं. त्या भोकाचा फोटो जरूर शोधा: भोवती गंजाची धूळ आणि मधे ती करडी भुकटी.